बंदरावरच्या हॉटेलातला नाश्ता

आई, तुम्ही माझ्या सासूबाई, पण लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी तुम्हांला आईच म्हणत आले, म्हणून इथंही तेच लिहिते. तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, ते मी केव्हाच ओलांडलं. गुडघे तुमच्यासारखेच दुखतात. तुम्हांला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती तोंडातून कधीच निघाली नसती, म्हणून कागद घेतला.

ती सकाळ तुम्ही विसरला नव्हतात, मला माहीत आहे. तुमचा मुलगा मुंबईहून आठ दिवसांच्या रजेवर आला होता. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि त्या तीन वर्षांत आम्ही दोघं मिळून कुठं गेलो असू तर शेजारच्या गावातल्या एका लग्नाला. रजा संपायच्या दिवशी तुम्ही चुलीपुढूनच म्हणालात, "आज पेज घेऊ नको गो. त्याच्याबरोबर रत्नागिरीत जा. बाहेर चांगलं काय ते खा नि त्याला गाडीत बसवून ये." तुम्ही हात पुसलेत, कानातल्या मोत्यांच्या कुड्या काढून माझ्या हातावर ठेवल्यात. "भुंड्या कानांनी जाऊ नको हॉटेलात." एसटीत मी खिडकीशी बसून सारखी कानाला हात लावून बघत होते. मला वाटलं, तुम्हांला माझी माया आली.

मिरकरवाड्याच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा एक नवं हॉटेल निघालं होतं. मालक बरीच वर्षं बोटीवर खानसामा होता, अमेरिकेपर्यंत जाऊन आलेला. तिकडच्यासारखं हॉटेल काढायचं म्हणून त्यानं टेबलांवर लाल-पांढऱ्या चौकटींची कापडं घातली होती आणि काटे-चमचे कागदी रुमालात गुंडाळून ठेवले होते. साडेदहा वाजले आहेत. पलीकडे एक साहेब आणि त्यांची बायको, बाकी टेबलं रिकामी. मी पदर सावरून खुर्चीच्या कडेवर बसले आहे. मालक स्वतः येऊन म्हणतो, "तिकडं या वेळेला नाश्ता नि जेवण एकदमच करतात, वहिनी. पॅनकेक खाऊन बघा." आलं ते आपलं घावनच, पण जाड, अंडं घातलेलं, वर लोणी आणि साखरेचा पाक. मला हसू आलं. मी म्हटलं, "अहो, आईंना सांगितलं तर म्हणतील, घावनाचं हे काय करून ठेवलंय!" तुमचा मुलगा हसला नाही. त्याच्यापुढचं ऑम्लेट तसंच होतं.

मी दुसरा घास तोडला तेव्हा तो म्हणाला, "माझं तिकडं घर आहे."

"खोली ना? माहीत आहे की."

"खोली नाही. घर. बाई आहे. एक मुलगी आहे, वर्षाची."

खिडकीतून खाली बंदर दिसत होतं. बर्फाच्या लाद्या फोडून ट्रॉलरवर चढवत होते, त्याचा आवाज वर येत होता. मी ओरडणार होते, आई. खरंच ओरडणार होते. पण ती साहेबांची बायको माझ्याकडे बघत होती, आणि मी तोंडातला घास गिळला. "मग मी काय करू?" एवढंच विचारलं. "आईजवळ राहा," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय आईचं चालत नाही." ताटलीत टाकायचं कसं, म्हणून मी ते सगळं खाल्लं. स्टँडवर त्याची पिशवीसुद्धा मीच खिडकीतून आत दिली.

दुपारच्या गाडीनं परत आले तर तुम्ही घरापुढच्या खळ्यात उभ्या होतात. "खाल्लंस काय गो नीट?" एवढंच विचारलंत. मी रडत सगळं सांगितलं, तशी तुम्ही दंडाला धरून मला आत नेलंत. "रडायचं ते घरात रड. खळ्यात लोक बघतात." त्या रात्री तुम्हीही जेवला नाहीत. तुम्हांलाही आत्ताच कळलं असं मी धरून चालले.

दोन वर्षं तसंच धरून चालले. मग गणपतीत तुम्ही जेवायला तीन पाट मांडलेत, आणि मी त्याच्यासाठीचा तिसरा उचलून भिंतीला लावला. तुम्ही चिडलात. चिडण्याच्या भरात बोलून गेलात की हॉटेलात नेऊन सांग, असं त्याला तुम्हीच बजावलं होतंत. "घरात सांगितलं असतं तर तू विहिरीकडे धावली असतीस. म्हटलं, चार माणसांत गप्प बसेल, नि पोटात दोन घास तरी असतील."

तुमचं खोटं नव्हतं. मी विहिरीकडे धावलेच असते. तरी त्या दिवसापासून तुमच्या हातचं काही घेताना माझा हात आखडायचा. पुढची चार वर्षं आपण एका चुलीवर रांधलं, एका मळ्यात भात लावलं. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी तुम्हांला न्हाऊ-माखू घातलं. लोक म्हणायचे, सून असावी तर अशी.

आता ते सांगते. तुम्ही जाण्याच्या चार दिवस आधी, भर दुपारी, तो आला होता. मी खळ्यात आमसुलं वाळत घालत होते. केस पिकायला लागले होते त्याचे. "आई कशी आहे?" मी म्हटलं, "आत्ताच डोळा लागलाय. कुणाला ओळखत नाहीत आता." दोन्ही खोटं. तुम्ही आत जाग्या होतात, सकाळीच त्याचं नाव घेऊन तो कधी येईल म्हणून मला विचारलं होतंत. त्यानं पाणी मागितलं. मी दिलं. प्याला आणि गेला. आत आले तर तुम्ही विचारलंत, "कोण गो आलं होतं?" मी म्हटलं, "पोस्टमन. वरच्या वाडीचं घर विचारत होता." तुम्ही म्हणालात, "आपलं पत्र नाही काय?"

"नाही," मी म्हटलं.

सूड म्हणू नका. तसं काही ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. पण त्याला हाक मारायला वेळ होता. तो पाणंदीनं सावकाश चालला होता, बराच वेळ दिसत होता. बाराव्याला आला तेव्हा त्या दुपारबद्दल तो कुणाला काही बोलला नाही, मलाही नाही.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. तुम्ही नाहीत म्हणूनच तो लिहून झाला. तुम्ही समोर असतात आणि विचारलं असतंत, तर आजही मी पोस्टमनच म्हटलं असतं.