न विचारता लागणारा दिवा

१६ सप्टें. २००६, कॉव्हेंट्री
पॅनल आलं एकदाचं! जुनी विमानं मोडतात त्या यार्डातून स्वतः घेऊन आलो. पुढच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. मेधा मागे बसली. "निखिल, लग्नात मला तरी इतकं जपून आणलं होतंस का?" हौसेला मोल नसतं, म्हटलं. इंजिनाला आग लागली तर सांगणारं पॅनल. अस्सल, खरोखर आकाशात उडून आलेलं. कॉम्प्युटरवर विमान उडवायला गॅरेजमध्ये केलेलं माझं प्लायवूडचं कॉकपिट आता कॉकपिट वाटायला लागलंय. वर 'स्क्रॅप' असा लाल टॅग होता. कापून टाकला, शोभा जात होती.

२३ सप्टें.
टेस्टचं बटण दाबलं तर दिवा ढिम्म. सगळा आठवडा त्यात गेला. शेवटी मागून एक बारीक वायर टाकली, बटणापासून थेट दिव्याला. आता दाबलं की लागतो, आणि काय लागतो! मेधाला तीनदा बोलावलं. तिसऱ्यांदा आली नाही.

२ ऑक्टो., दसरा
ऑफिसातून आल्यावर पूजा. लॅपटॉप, गाडी, पॅनल. झेंडू नाही, सुपरमार्केटची शेवंती. मेधाने पॅनलला सढळ हाताने हळदकुंकू वाहिलं. "अगं, फटीत जाईल!" गेलंच.

१८ नोव्हें.
याहून चांगलं एक मिळालं, म्हणून हे विकायला इंटरनेटवर टाकलं. तासाभरात केव्हिन नावाच्या माणसाचा फोन. एकच प्रश्न: मागची नंबरची पट्टी जागेवर आहे ना? आहे म्हटलं. दर्दी दिसतोय.

२५ नोव्हें.
दिलं. पोस्टाने नको म्हणाला, मोटरवेवरच्या पेट्रोलपंपाच्या कारपार्कात भेटला. बॅटरी लावून दिवा दाखवला, खूश. तुझा सिम्युलेटर कुठला? "बिट ऑफ एव्हरीथिंग, मेट." संपलं! आमच्या पंथातला माणूस असा दोन मिनिटांत सुटत नाही. वायरचं सांगायचं राहिलं.

९ डिसें.
केव्हिनचा मेल. स्क्रूंच्या खाचांत लाल पावडर कसली, कस्टमरचा इन्स्पेक्टर विचारतोय. हसत हसत कुंकवावर चार ओळी लिहून पाठवल्या. मग चहा ओतता ओतता तो शब्द आठवला.
इन्स्पेक्टर?
गॅरेजमधल्या खेळाला इन्स्पेक्टर कशाला लागतो?

१० डिसें.
पाचावर धारण बसलीय. मेधाला सगळं सांगितलं, कागदावर आकृती काढून. टेस्टचं बटण म्हणजे दिवा चालू आहे का एवढंच नाही. इंजिनाभोवती फिरवलेली, आग ओळखणारी वायर शाबूत आहे ना, ते त्यात कळतं. ती तुटली असेल तर दिवा लागत नाही, आणि विमान जागचं हलत नाही. माझी वायर इंजिनाला विचारतच नाही. बटण दाबलं की हो. आणि ते पॅनल पुन्हा खऱ्या विमानात निघालंय. कदाचित बसलंही.
मेधाने आकृतीचा कागद घडी घालून ठेवला. मग म्हणाली, "आपले पासपोर्ट होम ऑफिसात पडलेत. व्हिसाचं होऊ दे, मग कळव."
"आणि तोवर?"
ती उठून भांडी घासायला गेली. तिचा राग आला. खरं तर तिने माझ्या मनातलंच बोलून दाखवलं, त्याचा आला.

११ डिसें.
लंच ब्रेकमध्ये कारमध्ये बसून विमानांच्या सरकारी ऑफिसात फोन केला. बाई शांतपणे लिहून घेत होत्या. नंबर? पट्टीचा फोटो आहे, पाठवतो. कुठल्या कंपनीच्या विमानात? माहीत नाही. कुठल्या देशात? तेही नाही. वायर कोणी टाकली?
मी.
"अँड यू आर अ लायसन्स्ड इंजिनियर, सर?"
नो, म्हटलं. लाज वाटली. केव्हिनला काही कळवू नका म्हणाल्या. मेधाला घरी येऊन सांगितलं. "बरं केलंस," एवढंच, आणि माझ्या पानात जास्तीची पोळी.

१५ डिसें.
बाईंचा काही फोन नाही.

१९ डिसें.
नाही. मीच केला. "वुई आर लुकिंग इंटू इट." गॅरेजमध्ये पाऊल टाकवत नाही.

२२ डिसें.
केव्हिनचा मेल. कस्टमर भलताच खूश, टेस्टचा दिवा 'एव्हरी सिंगल टाइम' लागतो. अशी आणखी आहेत का?
 तसाच बाईंना पुढे पाठवला. पाठवल्या पाठवल्या उत्तर आलं: ऑफिस ख्रिसमसनिमित्त बंद, २ जानेवारीला उघडेल. तातडीचा म्हणून दिलेल्या नंबरवर निरोप ठेवलाय. दोनदा.
मेधा उशिरा आली, कोट न काढताच बसली. तिच्या ऑफिसातली ज्युली उद्या पोरांना घेऊन सुट्टीला विमानाने तेनेरिफ बेटावर चाललीय. मेधाने तिला विचारलं म्हणे, कुठलं विमान गं?
ज्युली हसली. "आय डोन्ट नो, लव्ह. अ प्लेन."