सम सोडलेली गाणी

बाई,

माझा गाण्यांचा पहिला अल्बम गेल्या आठवड्यात बाहेर आला. आठ गाणी आहेत, सगळी मीच लिहिलेली, मीच गायलेली. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुमचा विषय कुणापाशी काढला नव्हता. पण या अल्बमच्या कामात जे घडलं ते तुमच्याखेरीज कुणाला सांगावं ते मला कळत नाही. आमच्या साउंडवाल्याला त्यातलं थोडं माहीत आहे, तुमच्या धाकट्या बहिणीला थोडं. सगळं कुणालाच नाही.

मी गाते त्याला रेगे म्हणतात. जमैका नावाच्या बेटावरच्या गरीब वस्त्यांमधून ते आलं. तुम्ही ऐकलं असतंत तर कपाळाला आठ्या पडल्या असत्या, कारण त्याच्या जुन्या, मूळच्या चालीत पहिली मात्रा चक्क रिकामी सोडतात. चार मात्रांतल्या पहिलीवर ड्रमवाला काहीच वाजवत नाही आणि सगळा जोर तिसरीवर टाकतो. पुण्यात शिकायला होते तेव्हा हॉस्टेलच्या गच्चीवर एका सीनियर मुलीच्या स्पीकरवर मी हे पहिल्यांदा ऐकलं. कपडे वाळत घालत होते, ओली ओढणी हातात घेऊन तशीच उभी राहिले. ज्या चुकीसाठी मी तुमची वर्षभर बोलणी खाल्ली, ती चूक ही माणसं मन लावून, एकाही ठिकाणी न चुकता करत होती.

शाळेच्या मागच्या अंगाची ती लांबट खोली मला अजून दिसते. खाली सतरंजी, तुम्ही पेटीपाशी, उजव्या हाताच्या बोटात तांब्याची अंगठी. आम्ही गायला लागलो की प्रत्येक समेला तुम्ही ती अंगठी पेटीच्या लाकडावर आपटता. टक्. फार मोठा आवाज नाही, पण चाळीस पोरींच्या टाळ्या त्यावर एकदम पडतात आणि माझी एकटीची मागे राहते. "परत," तुम्ही म्हणता आणि दोनदा भरभर वाजवता, टक् टक्. परत माझी टाळी मागेच. "सम कुठंय तुझी? घरी विसरून आलीस?" पोरी हसतात. मी सतरंजीचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळत बसते.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही मला तुमच्या घरी नेलंत. देवळामागच्या बोळातलं घर, तुमचे भाऊ पूजेला गेलेले, स्वयंपाकघरात तुम्ही आणि मी दोघीच. "आधी खा," म्हणालात. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. आमच्या तेलुगू घरात कुणी शिक्षक कधी आला नव्हता आणि मीही कुणा शिक्षकाच्या स्वयंपाकघरात बसले नव्हते, त्यामुळे घास गिळताना आवाज होईल की काय अशी भीती वाटत होती. ताट उचलल्यावर तुम्ही म्हणालात, "आता तुला पाहिजे तशी टाळी वाजव. मी काही बोलत नाही." मी वाजवत राहिले. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. बऱ्याच वेळानं विचारलंत, "हे कुणी शिकवलं तुला?" मी म्हणाले, "कुणी नाही. वडलांचा माग असाच वाजतो."

खरंच तसा वाजायचा तो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वडलांना डबा द्यायला मी सुट्टीत जायचे. त्यांच्याकडचा एक माग जुना होता, तो एक धक्का गिळायचा आणि त्याची भरपाई पुढच्या धक्क्याला करायचा. टॉवेल विणला जायचा, पण चाल अशी लंगडी. ती माझ्या अंगात भरली होती. तुम्ही पदराला हात पुसलेत आणि म्हणालात, "ते विसर आता. माग वेगळा, गाणं वेगळं." तुम्ही तालाबद्दल बोलत होतात हे आज कळतं. त्या दिवशी मला वाटलं, तुम्ही माझ्या घराबद्दल बोललात.

आणि मग समूहगानाची स्पर्धा. आईनं शेजारणीकडून मागून आणलेली पांढरी साडी नेसून मी रांगेत उभी आहे. स्टेजच्या पायरीशी तुम्ही माझ्या खांद्याला धरून मला बाजूला घेता. "तू आज नको. तू खाली बसून ऐक." बस्, एवढंच. शाळेचा पहिला नंबर आला. मी त्यानंतर तुमच्या तासाला बसले नाही, रोज काहीतरी कारण काढलं. महिना-दीड महिन्यात तुम्ही आजारी पडल्याचं कळलं आणि थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात.

आता या वर्षीचं सांगते. आमचा साउंडवाला माझ्याच वयाचा. लग्नांना, मिरवणुकांना मोठे स्पीकर पुरवायचा त्याच्या वडलांचा धंदा, आणि एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या शेडमध्ये त्यांचं सामान असतं. तिथल्या एका खोलीच्या चारी भिंतींना आम्ही विणताना डाग पडलेल्या चादरी टांगल्या. आवाज घुमत नाही त्यानं. आजूबाजूचे माग ज्या दिवशी बंद असतात त्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, आम्ही रेकॉर्डिंग करायचो. ड्रम, बेस, गिटार आधी घेऊन झालं होतं. राहिला होता माझा आवाज.

पहिलं गाणं गाऊन मी बाहेर आले तर साउंडवाला कपाळाला हात लावून बसलेला. "अगे, ये टकटक कायकी आरी?" त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावला. माझ्या आवाजाच्या मागे, अगदी बारीक, प्रत्येक रिकाम्या मात्रेवर काहीतरी वाजत होतं. आम्ही पंखा बंद केला. ट्यूब काढली. त्यानं माइक बदलला, वायर बदलली, माझ्या हातातलं कडं आणि कानातलं काढायला लावलं. मी परत गायले. परत तेच. मग मला गप्प उभं करून त्यानं नुसतीच खोली रेकॉर्ड केली, तर काहीच नाही. "आप गाये तोच आरी," तो म्हणाला. "नै तो नै."

त्यानं मला कॉम्प्युटरवर ते दाखवलंही. एका ठिकाणी आमचा ड्रमवाला जरासा ओढला गेला होता, त्याच्याबरोबर मीही. पण ती टकटक ओढली गेली नव्हती. ती जिथं पडायला पाहिजे तिथंच पडत होती. आम्हा सगळ्यांपेक्षा बरोबर होती ती.

तोवर मला तुमची आठवण आली नव्हती. खरंच नाही. तिसऱ्या गाण्यात माझा एक शब्द चुकला आणि मी मध्येच थांबले. हेडफोनमध्ये संगीत चालूच होतं. आणि त्यात, माझ्या अगदी कानाशी, दोनदा भरभर वाजलं. टक् टक्. बाई, बाहेर कडक ऊन होतं, पत्र्यावर कबुतरं चालत होती, काचेपलीकडे साउंडवाला चहा ओतत होता, आणि मी चौदा वर्षांची होऊन मान खाली घालून उभी होते. मग मी काय केलं माहितीये? परत पहिल्यापासून गायले.

त्याला काही सांगितलं नाही. सात गाणी तशीच झाली. आठवं राहिलं, कारण त्या दिवशी माझा घसा बसला. साउंडवाल्यानं दहा-बारा दिवस बसून सातही गाण्यांतली एकेक टकटक कापून काढली आणि मला ऐकायला बोलावलं. टकटक गेली होती. पण बाई, रेगेत पहिली मात्रा रिकामी असते ती कशी, श्वास धरून ठेवल्यासारखी. इथं ती नुसतीच मोकळी नव्हती. तिथून कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटत होतं. साउंडवाला दोन गाणी ऐकून म्हणाला, "मेरेकू अच्छा नै लगरा ये कमरा. कोई जान-पैचान का है क्या आपका?" मी हो म्हणाले. पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या बोळात गेले. घर तेच, दाराला नवा रंग. तुमच्या धाकट्या बहिणीनं मला ओळखलं नाही, पण मी माझ्या शाळेचं आणि वडलांच्या मागाचं सांगितल्यावर म्हणाल्या, "व्हय की, ती टाळीवाली! ये, आत ये." त्यांनी मला त्याच स्वयंपाकघरात बसवलं. मी अल्बमचं सांगितलं, टकटकीचं नाही. तुमचे शेवटचे दिवस कसे गेले एवढंच विचारलं.

"वाचा गेली होती गं तिची," त्या म्हणाल्या. "उजवा हात तेवढा हलायचा. अंगठीनं खाटेच्या लोखंडी दांड्यावर वाजवत राहायची दिवसभर. आमाला वाटायचं पाणी पाहिजे, पाणी दिलं की तोंड फिरवायची. आणि तिचं सगळं उलटं झालं होतं बघ. मी पण तिच्याचपाशी शिकलेली की, मला कळत होतं. पहिली मात्रा मोकळी सोडायची आणि तिसरीवर जोरात मारायची. मग थांबायची, डोकं हलवायची, परत करायची. जन्मभर जिनं दुसऱ्यांची सम दुरुस्त केली, तिचीच सम गेली म्हणून मला लई रडू यायचं."

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. त्या ओट्यावर बोटानं वाजवून दाखवत होत्या आणि ती माझी चाल होती, माझ्या वडलांच्या मागाची. सम गेली नव्हती तुमची, बाई. तुम्ही शिकत होतात. एकदा ऐकलेलं आठवून आठवून, मरायला टेकल्यावर, एका हातानं.

"तुला बोलावलंही होतं तिनं," त्या पुढे म्हणाल्या. "पाटीवर त्याच हातानं तुझं नाव लिहून दाखवलं. मी शाळेच्या शिपाईमामाला तुझ्या घरी पाठवलं होतं. मिळाला नव्हता का निरोप?"

"नाही," मी म्हणाले.

"जाऊ दे. लेकराला काय कळणार," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

आठवं गाणं आम्ही त्या आठवड्यात घेतलं. ते वडलांच्या मागावरचं आहे, थोडं मराठीत, थोडं तेलुगूत. खोलीत शिरताना मी चप्पल बाहेर काढली, का ते माहीत नाही. गाणं एका दमात झालं. पहिली मात्रा रिकामी राहिली. खरीखुरी रिकामी. "गया," साउंडवाला म्हणाला आणि हसला. पण त्याच्या हाताला सवय लागली होती म्हणून की काय, त्यानं ड्रमचा आवाज बंद करून माझा माइक एकटाच लावून बघितला. तिसऱ्या मात्रेवर होता तो ठोका. ड्रमच्या खाली बरोबर झाकला जाईल असा. पहिल्या दोन ओळींत जरासा चाचपडत, मग ठाम. त्यानं मला नुसतं बघून विचारलं आणि मी मान हलवली. राहू दिला. ड्रमखाली कुणाला ऐकू येणार नव्हता.

वडलांना मी अल्बम परवा ऐकवला. तीस वर्षं मागांवर काढल्यानं त्यांना आता ओरडून सांगितलेलंही अर्धंच ऐकू येतं. स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवून ते सात गाणी शांत बसून होते. आठव्याला त्यांनी हात काढला, मान तिरकी केली आणि मला विचारलं, "हे लोखंडावर कोण वाजवायलंय?"

"ड्रम आहे तो," मी म्हणाले.

"ड्रम कळतोय की मला. त्याच्याखाली. लोखंड हाय ते." मग थोडा वेळ ऐकून म्हणाले, "जो कोण हाय त्याला माग ठाऊक हाय."

भीती वाटते का, म्हणाल तर वाटते. या आठवड्यात मी घरात गुणगुणायचंही टाळलंय.

हे पत्र तुमच्या बहिणीला नेऊन द्यावं असं सकाळी वाटलं होतं. देणार नाही. दिलं तर त्या हे पुढचंही वाचतील. निरोप मिळाला होता, बाई. शिपाईमामा सायकल भिंतीला लावून आमच्या दारात उभे राहिले, "बाईंनी आजच्या आज बोलावलंय, त्यांचं काय खरं नाही" म्हणाले आणि गेले. आई आतून आली. मी तिला सांगितलं की बाईंनी वह्या परत मागितल्यात. "मग देऊन ये की," ती म्हणाली. मी वह्यांची पिशवी घेऊन निघाले, शेजारच्या गल्लीत मैत्रिणीच्या घरी गेले आणि तिची आई दिवा लावायला उठेपर्यंत कॅरम खेळत बसले.