हर्षाने लावलेली दुसरी खाच

मी, वसंत महादेव गोतमारे, वय अडुसष्ट वर्षे, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, राहणार प्रताप नगर, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हात कापतो म्हणून अक्षर वाकडे आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा दाखला डॉ. चिन्मयी देशकर यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. कोणाचा दबाव नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. प्रताप नगरातील राहते घर माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीतील आहे. ते पत्नी सौ. लतिका हिच्या हयातीत तिच्याच ताब्यात राहील व तिच्या पश्चात मुलगा पियुष याच्या मालकीचे होईल. आई असेपर्यंत पियुषने ते विकण्याची भाषाही काढू नये. बँकेतील शिल्लक सर्वस्वी लतिकाची. तिने ती मुलांकरिता राखून न ठेवता स्वतःवर खर्च करावी, ही विनंती. ती ऐकणार नाही, हे मला ठाऊक आहे.

२. काटोलच्या संत्राबागेतील माझा हिस्सा धाकटा भाऊ मुकुंद याला द्यावा. बाग त्यानेच राखली. मी फक्त संत्री खायला जात होतो. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी.

३. दुकान, दुकानाची जागा व तेथील सर्व हत्यारे मुलगी हर्षा हिला देत आहे. पियुष विचारील, लोकही विचारतील, म्हणून कारण लिहिणे भाग आहे.

हर्षा बारावीनंतर दुकानात येऊ लागली. पंक्चर काढायला मी शिकवले, बाकीचे ती बघून शिकली आणि शॉकअपच्या कामात माझ्या पुढे गेली. मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपवर पाच खाचांचे एक फिरते कडे असते. पहिल्या खाचेवर स्प्रिंग मऊ, पाचव्या खाचेवर कडक. माझी रीत अशी, की कडे सरळ वरच्या खाचेवर न्यायचे. दाबून पाहिल्यावर गाडी कडक लागली की गिऱ्हाईक खूश. हर्षा मात्र गिऱ्हाइकालाच गाडीवर बसवायची. "काका, रोज नेता ते बॅग बी घ्या पाठीवर," म्हणायची. मागे कोण बसते, रस्ता कोणता, विचारायची. मग माणूस बसल्यावर गाडी किती दबते ते टेपने मोजून खाच ठरवायची. "बाबा, गाडी कोणाची बी असो, स्प्रिंग बसणाऱ्याच्या वजनाची पाहिजे," असे ती मला सांगे आणि मी हसत असे.

सन २००९ च्या डिसेंबरात मनोहरराव डांगोरे गाडी घेऊन आले. काटोल रोडवरच्या एका शाळेत ते मास्तर होते, अंगाने अगदी काडी. हर्षाने त्यांना बसवले, मोजले आणि दुसरी खाच लावली. ती जेवायला घरी गेली. तिच्यामागे मी गाडी दाबून पाहिली. मला ती लिबलिबीत वाटली. मी पाना घेतला आणि कडे पाचव्या खाचेवर नेले. हर्षाला सांगितले नाही, मास्तरांनाही नाही.

दुसऱ्या दिवशी उखडलेल्या डांबरावर मास्तरांच्या हलक्या अंगाखाली ती कडक स्प्रिंग दबलीच नाही, मागचे चाक उसळले आणि मास्तर गाडीसकट घसरत गेले. मांडीचे हाड मोडले. आजही ते लंगडतात.

संध्याकाळी दुकानापुढे माणसे जमली. माझे साडू अंकुशराव मोठ्याने म्हणाले, "पोरीच्या हातात पाना देला तं असंच होते. काहून ठेवलं गा तिले दुकानात?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. हर्षाही.

मी म्हणालो, "चुकलं तिचं. उद्यापासून नाही येत ते."

एवढेच बोललो. हर्षाने हात पुसले, फडक्याची घडी करून बाकावर ठेवली आणि निघून गेली. पुढच्या वर्षी तिला अमरावतीला विमा कार्यालयात नोकरी लागली, लग्नही तिकडेच झाले. दिवाळीला येते, आईशी बोलते, माझ्या पाया पडते. दुकानाच्या रस्त्याने ती सोळा वर्षांत गेलेली नाही.

४. अंकुशरावांना माझ्या दुकानात कधीही खुर्ची देऊ नये, असे कलम मी येथे लिहिले होते. ते खोडले आहे. त्यांना खरे ठाऊक नव्हते. मला होते.

५. गेल्या आठवड्यात मी हर्षाला फोन करून सगळे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, मले तवाच मालूम होतं. मी मास्तरांच्या घरी गेली होती दुसऱ्या दिवशी. गाडी अंगणातच होती. कडं पाचव्या खाचेवर होतं."

"मग काहून नाही बोलली वं तू?"

"मी वाट पाहून राहिली होती, तुम्ही कधी सांगता म्हणून."

फोन तिनेच ठेवला. म्हणून स्पष्ट करतो, की कलम तीनमुळे हर्षावर कोणतेही बंधन येत नाही. तिने दुकान चालवावे, भाड्याने द्यावे, विकावे किंवा कुलूप लावून ठेवावे. तिला कोणीही कारण विचारू नये. मी तिला बोलायला जागा ठेवली नव्हती. आता निदान गप्प राहायला तरी ठेवतो.

६. हे मृत्युपत्र माझ्या तेराव्याच्या दिवशी दुकानापुढे मोठ्याने वाचावे, असे मी आधी लिहिले होते. कागद घेऊन मी मनोहररावांकडे गेलो, कारण साक्षीदार म्हणून मला तेच हवे होते. त्यांनी पाय स्टुलावर ठेवून सगळे वाचले आणि चष्मा काढला.

"मेल्यावर खरं बोलतं काय गा? तवा तुले कोण काय म्हणन? पोरीनं जितेपणी ऐकून घेतलं, तू बी जितेपणी सांग." त्यांनी सही केली नाही.

म्हणून काल रविवारी सकाळी मी दुकान उघडले. त्या संध्याकाळी जमलेल्यांपैकी सहा जण हयात आहेत, त्यांना बोलावले आणि कलम तीन उभे राहून वाचले. कागद पियुषने धरला. अंकुशराव चहा न घेता गेले. हर्षाला निरोप दिला होता. ती आली नाही. लतिका दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही मी कधी सांगितले नव्हते. घरी आल्यावर ती म्हणाली, "सोळा वर्सं माह्या पोरीनं माहेरी येऊन मान खाली घातली, अन् तुम्ही समोर बसून जेवत होते."

तिचे हे बोलणे कोणत्या कलमात बसवावे, ते कळत नाही. तसेच लिहून ठेवतो.

येथे मजकूर संपला. खाडाखोड माझीच आहे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही करीत आहे.

(सही) वसंत महादेव गोतमारे

साक्षीदार:

१. (सही) मनोहर डांगोरे, निवृत्त शिक्षक. वसंतरावांनी काल चारचौघांत वाचले, मी तेथे हजर होतो. म्हणून आज सही करतो.

२. (सही) डॉ. चिन्मयी देशकर

ठिकाण: नागपूर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५