पोट सुटलेले खांब

प्रिय मामा,

तू बांधलेल्या उन्हाळी घरात बसून लिहिते आहे. दुपारच्या उन्हात हे पांढरे लाकडी खांब दगडाचे भासतात. त्यांच्या सावल्या व्हरांड्यावरून इतक्या सावकाश सरकतात, की घरच झोपेत कूस बदलत असावे.

घर पूर्ण झाले त्या दिवशी आई पाहुण्यांसमोर म्हणाली होती, "दादा, तुझ्या खांबांना पोट सुटलंय." तू समजावलेस, की अगदी सरळ खांब लांबून मधोमध खंगलेला दिसतो, म्हणून त्याला किंचित फुगवटा द्यावा लागतो. सगळे आणखीच हसले. त्यानंतर तू इथे आलाच नाहीस.

आज दुरुस्तीला आलेल्या सुताराने रंधा काढला. "ताई, लाकूड फुगलंय. तासून सरळ करू?"

"हात लावू नका," आई म्हणाली. "सरळ दिसावेत म्हणूनच तसे घडवलेत. माझ्या दादाने."

मग ती बराच वेळ खांबाला टेकून उभी राहिली, आणि माझ्याकडून तुझा पत्ता घेऊन आत गेली.

म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. पहिले पत्र तिचेच असू दे.

खांबाआडून पाहणारी,
तुझी भाची