आमच्या शाखेची सर्वोत्तम ग्राहक

४ जून
नवा फतवा! दुकानाच्या प्रत्येक बिलावर आता गिऱ्हाईकाचा मोबाईल नंबर हवाच. मॅनेजर म्हणाला, "गिऱ्हाईक म्हणजे डेटा." पाच महिने काउंटरवर बसून मी त्यांना माणसं समजत होते — माझंच चुकलं.

नव्वद टक्के बिलांवर नंबर नसेल तर काउंटरवालीला घरचा रस्ता. आणि मला कायम करायचं की नाही, ते याच महिन्याच्या अखेरीस ठरणार. वा, मुहूर्त छान साधला!

५ जून
नंबर मागितला की लोक असे बघतात, जणू मी त्यांची किडनी मागितली. एक आजोबा, हातात ब्लेडचं एकुलतं एक पाकीट — "नंबर कशाला? दाढी मी करणार आहे की तुमची कंपनी?" मागे रांग पार दारापर्यंत. शेवटी मीच एक नंबर ठोकून दिला. माझा चालत नाही, कर्मचाऱ्यांचे नंबर मशीन घेत नाही. नवऱ्याचा पाठ नाही (लाज वाटते, पण नाही). सासूबाईंचा मात्र तोंडपाठ, कारण त्यांचा रिचार्ज मीच मारते. बिल सुर्रकन बाहेर!

११ जून
अठ्ठ्याण्णव टक्के! मॅनेजरने सगळ्यांसमोर कौतुक केलं. बाकीच्या दोघी काउंटरवाल्या खोदून खोदून विचारायला लागल्या, तेव्हा मोठ्या मनाने त्यांनाही नंबर दिला. आता अख्खं दुकान सासूबाईंच्या जिवावर चाललंय.

१७ जून
सासूबाईंना दुकानाचा मेसेज — "बाळाच्या आगमनाबद्दल अभिनंदन!" वय वर्षं एकाहत्तर. पाठोपाठ कुत्र्याच्या खाण्यावर सवलत. मग दाढीच्या क्रीमवर.

मुलाने स्वतःच्या मनाने लग्न केलं, त्या दिवसापासून त्या माझ्याशी थेट बोलत नाहीत. जे काय असेल ते भांड्यांना सांगतात. आज पातेल्याला म्हणाल्या, "कोण मेलं माझ्या नावावर कुत्रं पाळतंय?" मी आणखी एक पोळी वाढून घेतली.

२४ जून
मेले! मुख्य कचेरीतला आकडेवाला साहेब येतोय — आमच्या शाखेच्या 'सर्वोत्तम ग्राहका'चा सत्कार करायला. सासूबाईंना त्याने स्वतः फोन करून बोलावलं. त्या नुसतं "मी तर तिकडे कधी फिरकलेच नाही" म्हणाल्या, की माझी नोकरी गेली.

घरी येऊन सगळं कबूल केलं. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. काही बोलल्या नाहीत — भांड्यांशीसुद्धा नाही. फार भीती वाटतेय.

२८ जून
आल्या! ठेवणीतले कपडे घालून, माझ्याकडे न बघता. साहेबाने लॅपटॉप उघडला. "आजी, तीन आठवड्यांत डायपरची दीडशे पाकिटं, दोनशे ब्लेडं, कुत्र्याचं चाळीस किलो खाणं... एवढं लागतं तुम्हाला?"

मी बिलाच्या मशीनमागे वाकले.

"घरात माणसं फार आहेत," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

"आणि सगळं आमच्याकडूनच घेता?"

"काउंटरवर सून बसते माझी. दुसरीकडे कशाला जाऊ?"

टाळ्या! फोटो! साहेबाला जराही संशय आला नाही, त्याच्या तक्त्यात संशयाचा रकानाच नसावा. आणि मी — मी मागच्या गोदामात जाऊन ढसाढसा रडले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'सून माझी' ऐकलं.

१ जुलै
कायम झाले!! सकाळी निघताना सासूबाई म्हणाल्या, "डबा भरलाय, विसरू नकोस." पातेल्याला नाही. मला!

९ जुलै
कचेरीचं पत्र आलं. आमच्या शाखेची साठ टक्के बिलं एकाच ग्राहकाची. बाकी गिऱ्हाईक अगदीच तुरळक. एका ग्राहकासाठी दुकान चालवणं परवडत नाही. तेव्हा सदर ग्राहकाला यापुढे सगळा माल ऑनलाइन, घरपोच मिळेल. शाखा महिनाअखेर बंद. आम्ही नऊ जण घरी.

दारातच सासूबाईंनी विचारलं, "चेहरा का गं उतरलाय?"

म्हटलं, काही नाही आई, आज गर्दी फार होती.