माझ्या नावावरची जीप

ताई,

तुमच्या बाबांची डोंगर चढणारी जुनी जीप मी विकत घेतली. त्यांनी सह्या केल्या, गाडी रीतसर माझ्या नावावर झाली. तरी ते रोज सकाळी येतात, काच पुसतात आणि स्टिअरिंगवर बसून तुमच्या आईला हॉर्न देतात. आई आता नाहीत, हे कोणत्या तोंडाने सांगू? किल्ली काढून घेतली, पण हॉर्न किल्लीशिवायही वाजतो मेला!

आज बायको तणतणत बाहेर गेली. म्हटलं, आता खरडपट्टी काढणार. ती मुकाट्याने त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"किती उशीर!" बाबा म्हणाले. "दार धरून बस. खड्ड्यात उघडतं."

हे पत्र टाकणार नाही. तिकडून तुम्ही तरी काय करणार? गाडी जागेवरच आहे आणि बायको अजून दार धरून बसली आहे.

आपला,
कागदोपत्री मालक