सारवणावर नख वाजत नाही

२ जून, सोम.
पाऊस यायच्या आत सूर्यमाळच्या तिन्ही पाड्यांवरच्या शेळ्यांची खुरं कापून झाली. पशुसखी म्हणून पाच वर्षं हेच करतेय, डोळे मिटून करीन. घरी येते तर ह्यांचा ठाण्याहून फोन. मेजरची नखं कापलीस का? मेजर म्हणजे हे वॉचमन आहेत त्या बंगल्यातला कुत्रा. शेठ परदेशी गेले आणि वासराएवढं हे धूड होळीला आमच्याकडे आलं. तिकडे म्हणे दर महिन्याला कापायचे. मी म्हटलं, इथे पार्लर नाही. शेळ्यांची खुरं वर्षातून दोनदा, याची नखंही दोनदा. तशी कातळावर फिरून झिजलीच आहेत. आता दिवाळीला बघू.

११ जुलै, शुक्र.
सगळीकडे चिखल. खोडाळ्याच्या बैठकीत जव्हारचे डॉक्टर भेटले, मेजरचं सहज विचारलं. म्हणाले, फरशीवर टकटक वाजली की कापायची. सोपं आहे. रोज कान देते, काही वाजत नाही.
सासूबाई मेजरवर चिडल्यात. आज सारवलं की उद्या ओरखडे. रात्री ओसरीवर बांधते त्याला.

१२ ऑगस्ट, मंगळ.
मेजर पुढचा उजवा पाय टेकत नाही. वरच्या पाड्याला एकटीच जाऊन आले. वाटेत तीनदा मागे वळून बघितलं. तो बरोबर असला की बघत नाही. खरं लिहायचं तर भीती वाटली. एरवी मी कुणाला हे सांगणार नाही.
ह्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, जव्हारला ओळखीच्यांचं फार्महाऊस आहे, त्यांना असा कुत्रा हवाच आहे. "तुला जमत नसेल तर गणपतीला येईन तेव्हा नेऊन देतो."
जमत नसेल. मला.

१३ ऑ.
मी मेजरचा पाय बघत होते, सासूबाई सारवत होत्या. म्हणाल्या, "शेणाच्या भुईवर नख वाजंल कसं गं? ते उकरतं. दोन महिनं मी वरडते ती कशाला?"
अख्ख्या पाड्यात फरशी नाही आणि मी जुलैपासून कान लावून बसलेय.
आतल्या बाजूचं पाचवं नख, जे जमिनीला लागतच नाही, ते गोल वळून मांसात घुसलेलं. कापून काढलं, मिठाच्या पाण्याने धुतलं. मग जोशात बाकीची नखंही खुरं कापावी तशी एका दणक्यात... काळं नख, आतली शीर दिसते कुठे. रक्त. नागलीचं पीठ दाबून धरलं तेव्हा थांबलं. मेजर बाजेखाली जाऊन बसला, हाका मारल्या तरी येईना. चूक माझी, त्याची नाही.

२० ऑ., बुध.
जखम सुकली. त्या दिवशीच डॉक्टरांना फोन केला होता. म्हणाले, नखं वाढली की आतली शीरही वाढते. दर आठवड्याला नुसतं टोक घ्या, शीर हळूहळू मागे सरकेल. म्हणजे आता आठवड्याला, मग पावसाळाभर महिन्याला, उन्हाळ्यात कातळ आपलं काम करील. पाचवं नख मात्र बारा महिने बघायचं. ठरलं.
आज तीन टोकं घेतली. चौथ्याला पाय ओढून घेतला. धरून ठेवला नाही. भाकरी दिली, ती माझ्या हातून खाल्ली.

२६ ऑ., मंगळ.
हे आले. पिशवी ठेवून आधी मेजरची चाल बघितली. चारही पाय टेकतो, पण उतारावर अजून जपून. जव्हारवाले गणपती झाले की गाडी पाठवतो म्हणालेत.
मी वाद घातला नाही. कात्री घेऊन अंगणात बसले. हे आपणहून त्याचं डोकं धरायला आले. उजव्या पायाची टोकं झाली. डाव्याची दोनच, पुढे हात लावू देईना.
ह्यांनी विचारलं, "आता परत कधी कापायची?"
म्हटलं, "हे मला विचारताय, का जव्हारवाल्यांना सांगायला विचारताय?"
मेजरचं डोकं ह्यांच्या मांडीवरच होतं, आणि चहा गार झाला तरी हे उठले नाहीत.